सातवी सून

ताडीचे आठ कॅन मांडवात येऊन तास उलटला होता, आणि एकही माणूस त्यांना शिवायला तयार नव्हता.

मुलाकडच्यांनी ताडी आणायची, मुलीकडच्यांनी ती प्यायची, की लग्न ठरलं. इतका सरळ रिवाज. अडचण एवढीच होती की ताडी मुलाच्या आईने आणली होती, आणि मुलाची आई अदाओबी होती. अदाओबीने पडद्यावर आजवर सहा सुनांना विष घातलं होतं. दोघींना सूपमधून, चौघींना ताडीतून.

"चिदुबेम पोरगा चांगला आहे," मुलीचे थोरले काका ओबिडिके म्हणाले. "पण आमची सोमादिना नांदणार कोणाच्या हाताखाली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"काका, तो सिनेमा होता," चिदुबेम म्हणाला.

"असेल. सून मेली ना?"

एकाच कापडाचे पोशाख घालून बसलेल्या, मुलीच्या कुळातल्या माहेरवाशिणींनी माना डोलावल्या. एकीने खुर्ची मागे ओढून घेतली. पलीकडे बोकडाचं मटण आणि जोलोफ भात गार होत होता.

अदाओबी बत्तीस वर्षं नटी म्हणून काम करत होती. रंगमंचावर तिने राणी केली होती, वेडी केली होती, एकदा एनुगू शहरात नट ऐन वेळी आजारी पडला म्हणून बिशपही केला होता. तिने अदबीने आठवण करून दिली, की अनाथ पोरांसाठी जीव देणारी नन, तीही मीच. तो सिनेमा तर तुमच्या चर्चच्या अंगणात दाखवला होता.

"पाहिला की," सगळ्यांत म्हातारी माहेरवाशीण म्हणाली. "ते सोंग छान वठवलं होतंस, बाई."

अदाओबीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

"बघा, बघा! तिसरीच्या मयताला अस्संच रडली होती!"

तिने डोळे पुसले, तर म्हणाले, काळीज दगडाचं आहे. शेवटी तिने एक पेला भरला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला.

"उतारा घरूनच घेऊन आली असणार," ओबिडिके म्हणाले. त्यांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

चिदुबेम जमिनीकडे बघत होता. आईला तेच जास्त लागलं.

"कॅन उचला," ओबिडिके म्हणाले. पण ताडी परत धाडायची तरी मुलीला विचारावं लागतं. सोमादिनाला घरातून आणण्यात आलं.

"पोरी, या लोकांची ताडी आम्ही प्यायची का? नीट विचार कर, आणि नाही म्हण."

 सोमादिनाने पेला भरला, गटागट प्यायली, दोन पावलं चालली, गळा धरला आणि मांडवाच्या मधोमध कोसळली.

खुर्च्या उलथल्या. मुलीच्या आईने ऊर बडवला. दोन चुलतभावांनी अदाओबीचे दंड पिरगाळले. कोणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं, कोणीतरी पोलीस कशाला म्हणालं. चिदुबेम वळला, पण होणाऱ्या बायकोकडे नव्हे.

"आई," तो म्हणाला, "काय घातलंस त्यात?"

 धरलेल्या हातांनिशी अदाओबी पुढे वाकली आणि मुलीकडे निरखून पाहू लागली.

"पापण्या हलताहेत," ती म्हणाली. "आणि पडताना आधी कोपर टेकलंस. मरणारा माणूस अंग सांभाळत नाही गं."

सोमादिना कोपर चोळत उठून बसली. काकांकडे वळली.

"मी मेले, ते डोळ्यांनी पाहिलंत ना, काका? आता प्या."

 मग ओबिडिकेंनी पेला भरला, वास घेतला, आणि शिक्षकाला शोभेल अशा गंभीरपणे तो संपवला. त्यांच्यामागून सगळे प्यायले. माहेरवाशिणी तर दोनदा प्यायल्या. लग्न ठरलं.

पाहुणे निघाले तेव्हा ओबिडिके अदाओबीला बाजूला घेऊन गेले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"विहीणबाई, तुम्ही साध्या दिसता, म्हणून सांगतो. आमच्या पोरीच्या हातचं खाताना जरा बघून खात जा."