गिऱ्हाईक धुरात असतं

थंडीच्या देशात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांत बसणारे, हवेतला धूर गाळणारे फिल्टर दादाची कंपनी विकायची. कुठे जंगल पेटलं की दादा नकाशा उघडायचा आणि वारा जिकडे धूर नेईल त्या गावाला मालाचा ट्रक पाठवायचा. "आग काय कामाची? गिऱ्हाईक धुरात असतं," हे त्याचं पालुपद.

आज धाकट्या बहिणीच्या गावाला ट्रक निघाला आणि तिचाच फोन आला. "दादा, आग आमच्या गल्लीत शिरली रे! पोरांना घेऊन निघतेय."

"सामान राहू दे, आधी बाहेर पड."

फोन ठेवून त्याने गार झालेला चहा संपवला. मग ड्रायव्हरला फोन लावला.

 

"त्या गावात आता फिल्टर बसवायला घरं उरणार नाहीत. ट्रक पुढच्या गावाला घे."