खांबांखालची शेवंती

सर्जेराव मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच नर्सरीवाल्याला फैलावर घ्यायला लागले. ऐन दसऱ्याच्या तोंडावर एकट्या बाईला फसवलंस, कात्रजला नर्सरी थाटली म्हणून आम्ही काय अडाणी झालो का, असा तोंडाचा पट्टा त्यांनी एका दमात सोडला. नर्सरीवाला शहेजाद बांधावर उभा राहून मुकाट ऐकत होता. पट्टा थांबल्यावर एवढंच म्हणाला, "अण्णा, आधी शेत तर बघा."

निवाडा करायला त्यांना मैनानं बोलावलं होतं. मैना म्हणजे त्यांच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. गाव पुण्यात जमा झालं, बांधाला खेटून डांबरी रस्ता आला, तरी भांडण तोडायला लोकांना अजून सर्जेरावच लागत. आणि सर्जेरावांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

"ह्ये बघा भावजी," मैना म्हणाली. "एकाच दिवशी लावली. पाणी तेच, खत तेच. आतली फुलली, अन् रस्त्याकडच्यांना कळीसुदिक न्हाई. निम्मी रोपं बोगस दिली ह्यानं."

सर्जेरावांनी पाहिलं. आत शेवंती पिवळीधमक. रस्त्याच्या कडेला मात्र अर्ध्या भाकरीसारखे अर्धगोल तीन हिरवेगार तुकडे, नुसता पाला. आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध, रस्त्यालगत, दिव्याचा एकेक खांब.

एका ओळखीच्या माणसाच्या पॉलीहाऊसमध्ये त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, शेवंतीचं फूल लांबवायचं असलं की रात्री बल्ब लावून ठेवतात. झाडाला पुरता अंधार मिळाला नाही तर ते कळीच धरत नाही. आणि हे एलईडी दिवे तर उन्हाळ्यापासून रोज रात्रीचा दिवस करत होते. ते आणायला महापालिकेचे उंबरे झिजवले होते ते खुद्द सर्जेरावांनी. तिन्ही खांबांवर त्यांच्या हसऱ्या फोटोची पाटी होती, 'अंधाराला निरोप!'

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण उद्या सोनं द्यायला सगळं गाव दारात येणार, पुढं निवडणूक, आणि दिवे आपणच आणले म्हणून चारचौघांत किती मिरवलं होतं! त्यात मैना मोठ्या विश्वासानं तोंडाकडे बघत होती. दिवे आल्यापासून फुलचोर फिरकत नाहीत, भावजींचे उपकार झाले, असंही वर म्हणत होती.

"रोपांतच खोट हाय," सर्जेराव म्हणाले. बोलताना ते जमिनीकडे बघत होते.

शहेजादनं हिरव्या तुकड्यांकडे पाहिलं. मग मान वर करून दिव्याकडे पाहिलं, पाटीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि शेवटी फोटोतल्या माणसाकडे. आता हा बोलतो आणि आपली अब्रू जाते, असं सर्जेरावांना वाटलं. तो बोलावा, असंही कुठंतरी वाटून गेलं. पण शहेजाद मैनाकडे वळला. पुढच्या लावणीची रोपं मी पदरची देतो, वहिनींनी मनात काही ठेवू नये, असं सांगून मोकळा झाला.

मैनाचा जीव भांड्यात पडला. भावजींनी खरा न्याय केला म्हणून त्यांच्या घरच्या हाराला फुलं खुडायला ती लगबगीनं आत गेली. तिला नको म्हणायलाही सर्जेरावांना तोंड राहिलं नव्हतं. आल्या आल्या जे जे बोललो ते सगळं त्यांना आठवत होतं, आणि समोरच्या माणसानं त्यातल्या एका शब्दालाही उत्तर दिलं नव्हतं. माफी मागायची तर काय म्हणून मागायची, तेही सुचेना.

शहेजादनं टेम्पो चालू केला. मैना वाकून फुलं खुडत होती. तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तो खिडकीतून म्हणाला, "अण्णा, पुढच्या वर्षी वहिनींना खांबांखाली झेंडू लावायला सांगा. त्याला उजेडाचं वावडं नसतं."