पिवळी पाटी

"ह्या ठेसनाखाली आमच्या आज्याची भातजमीन हाय! पाटीवर नाव वेळुंड्याचंच पायजे, नायतर एक गाडी थांबू देनार नाय!" रामा गोजर गरजला. गाडी आली, थांबली, गेली.

पाटीवर नाव होतं शेजारच्या साखरोळीचं. त्यापायी रामानं वीस वर्षं अर्ज केले, उपोषणं केली, साखरोळीकरांशी बोलणं टाकलं.

अखेर १९९८ साली रेल्वेनं नवी पाटी लावली. रामा मुठीत गुलाल घेऊन धावत फलाटावर पोचला आणि पाटीकडे नुसता बघत राहिला. फलाटावर दुसरा एकच माणूस होता, साखरोळीचा दामू.

"बघतोस काय? उधळ ना गुलाल!" दामू खवचटपणे म्हणाला.



रामानं आवाज खाली आणला. "दामूशेठ, जरा वाचून दाखवता का? कोनाचं नाव लिवलंय?"