महादेवरावांची तपासणी

“बाई, गाव कोणतं म्हणता तुमचं?”

महादेवरावांनी दुसऱ्यांदा विचारलं, अन् लसूण सोलता सोलता गीताबाईंचा हात थांबला.

“माझं गाव बीबी, आजोबा,” डॉक्टर योगिनी म्हणाल्या. “घरी आई आहे. शिलाई करते.” मघाशी सांगितलं तसंच, तितक्याच शांतपणे.

आठवडाभर हेच चालू होतं. जेवून उठले की महादेवराव विचारायचे, “माह्यं जेवण झालं काय?” मेथी विकायला बाजारात गेले अन् जुड्या तशाच घेऊन परत आले. शेवटी नातू कुलदीप म्हणाला, “आजी, आमच्या डॉक्टरीणबाईले घरीच आणतो.” तो चिखलीच्या एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसतो.

“माह्यं नाव तरी राहीन ना यायच्या ध्यानात?” गीताबाईंनी हळूच विचारलं.

“एवढ्यात घाबरू नका, आजी. विसरायची कारणं पुष्कळ असतात. थायरॉईड बिघडतं, झोपेची गोळी बाधते, कधी नुसतं ऐकू कमी येतं. रक्त तपासू, मग बोलू.”

योगिनीबाईंनी झोपवून बीपी घेतलं, उभं करून घेतलं. हात न टेकता खुर्चीतून उठवलं, दारापर्यंत चालवलं. सगळं झ्याक. मग तीन शब्द दिले. विळा, मोसंबी, कुलूप.

“ध्यानात ठेवा बरं. थोड्या वेळानं विचारते.”

घरी असला की गोठ्यामागं फोनवर बोलत उभा राहणारा कुलदीप आज चहा घेऊन आला. तोही स्वतः केलेला. गीताबाई बाईंच्या कपात साखर टाकायला गेल्या, तर त्यानं कप पटकन बाजूला सरकवला.

“सांगा आजोबा, कोणते तीन शब्द?”

“कोणते शब्द?” महादेवराव आढ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, गाव कोणतं तुमचं?”

गीताबाईंनी पदर डोळ्याला लावला.

योगिनीबाईंनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढं ओढली अन् म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. “बीबी, आजोबा. घरी आई आहे. शिलाई करते.”

महादेवरावांनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं.

“विळा, मोसंबी, कुलूप,” ते म्हणाले. “तीनदा विचारलं, पण कपाळाले एक आठी नाही. ऐक वं, या घरात टिकीन ही पोरगी.”

“कोणती पोरगी?” गीताबाईंचा पदर तसाच हातात. “अन् मले आठ दिवस रडवलं ते काऊन?”

“ते या बहाद्दराले विचार.” महादेवराव कुलदीपकडं वळले. “बाईले बिनसाखरेचा चहा लागते हे तुले कसं माहीत, ते मी नाही विचारत. पण दिवाळीपासून गोठ्यामांगं फोनवर गुलुगुलू चालू हाय, अन् तिले घरी आणाचं नाव नाही तुह्यं. मंग मलेच बिमार पडा लागलं.”