घासलेलं टोक

"हे तुटलेलं नाही," धनश्री म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम घासलंय."

तिनं रिव्हॉल्व्हरचा घोडा मागं ओढून भिंगाखाली धरला. चाप दाबला की घोडा पुढं पडतो आणि त्याच्या टोकाचा ठोसा बसून काडतूस उडतं. इथं टोकच नव्हतं. त्या जागी एक गुळगुळीत, जरासा तिरपा उतार होता.

टेबलापलीकडं अमरसिंह बसला होता. वडवणीकडचा मोठा शेतकरी. वडील वारल्यावर हत्याराचा परवाना नुकताच त्याच्या नावावर झाला होता. ट्रंकेत गंजत पडलेलं आजोबांचं, म्हणजे आप्पारावांचं, हे रिव्हॉल्व्हर घेऊन तो बीडला धनश्रीच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आला होता. त्याची आई सुंदरबाई "म्या बी येते" म्हणत जीपमध्ये चढून बसली होती. आल्यापासून ती भिंतीजवळच्या बाकावर बसून होती.

इथवर सगळं छान चाललं होतं. गंज उतरला तसा नळीखाली मुकुटाचा बारीक शिक्का दिसला. विलायती माल, बत्तीस बोअर. मुठीच्या वर कोरलेली उर्दू अक्षरं घरातले सगळे दुवा समजत आले होते. तो निजामाच्या अमलातला नोंदणीचा आकडा निघाला. अमरसिंह हरखला. त्यानं लगेच फोटो काढला. "आज्याची चीज लई भारी हाय," असं दोनदा म्हणाला.

धनश्री मात्र त्या उतारावरून नजर काढू शकत नव्हती. कानस डावीकडून फिरली होती. शेवटी कडेची धार हलकेच मोडली होती, बोटाला लागू नये म्हणून. असं काम करणारा एकच माणूस तिनं पाहिला होता. तिचे बाबा, हरिओम. डावखुरे. याच टेबलाशी ते वाकून बसायचे, कानस मारायचे, लोखंडाचा भुगा फुंकायचे आणि अंगठा फिरवून बघायचे. ती शेजारच्या स्टुलावर बसून शाळेचा डबा खायची आणि त्या डब्यालाही बंदुकीच्या तेलाचा वास यायचा. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्या पोलादावर त्यांचा हात इतका ताजा होता, की ते आत्ताच समोरच्या हॉटेलात चहाला गेले असावेत असं तिला वाटलं.

आणि लगेच तिला वाईट वाटलं. आपल्या दुकानातून हत्यार बिघडून जाता कामा नये, असं बाबा नेहमी म्हणायचे.

गप्प बसता आलं असतं. ती गप्प बसली नाही.

"दादा, हे काम माझ्या वडिलांच्या हातचं आहे."

अमरसिंहचा चेहरा उतरला. "तुमच्या वडलांनी? आमच्या आज्याची चीज बिघडवली? कावून?"

"मला माहीत नाही."

"मंग आता तुमीच नवं टोक बसवा," तो ताडकन म्हणाला. "पुढच्या आठवड्यात शेताची मोजणी हाय. बंकटकाका बांधावर आडवा येणार. त्याला जरा कळाया पायजे, आमच्या घरात काय हाय ते."

"तिला बोलू नको," बाकावरून सुंदरबाई म्हणाली. "त्यांच्याकडून म्या घासून घेतलं."

अमरसिंह आईकडं वळला.

"तू पाळण्यात हुतास. तुजा बाप आन बंकटभावजी, दोघं सख्खे भाऊ, वाटणीवरनं रोज एकमेकांच्या अंगावर जायचे. तुजा बाप रागाचा लई वाईट. ट्रंकेची किल्ली मामंजींच्या उशाखाली असायची, आन ते त्याला ठावं हुतं. म्या तुला सुई टोचायची म्हणून बीडला आलते. तुज्या दुपट्यात गुंडाळून हे आनलं." तिनं धनश्रीकडं पाहिलं. "तुजे वडील न्हाईच म्हणले. म्हणले, बाई, मी हत्यारं नीट करतो, बिघडवत न्हाई. म्या काय बोलले न्हाई. उभीच ऱ्हायले. तू रडाया लागलास, अमर. तुज्याकडं त्यांनी लई येळ पाहिलं. मंग कानस घेतली."

"आन मंग?" अमरसिंहनं विचारलं.

"मंग ज्वारी काढायच्या दिसांत भांडण पेटलं. तुज्या बापानं ट्रंक उघडली. भावजी अंगणात उभे हुते. तुज्या बापानं त्यांच्या छातीवर नेम धरला आन चाप वढला." सुंदरबाईनं बोट वाकवून दाखवलं. "नुसतं टक् झालं. त्यानं पुन्यांदा वढला. पुन्यांदा टक्. मंग हातातलं टाकून खालीच बसला आन भावाचे पाय धरून रडला. वाटणीचं नाव पुना काढलं न्हाई त्यानं."

बाहेर रस्त्यावर एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

अमरसिंहनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि हळूच परत टेबलावर ठेवलं.

"ताई, गंज काढा. नवं टोक नका बसवू," तो म्हणाला. मग खाली मान घालून आईला विचारलं, "माज्या बापाला कधी सांगितलं न्हाईस?"

"न्हाई. त्याला वाटलं, देवानंच हात धरला. मरेपतुर दरसाल कपिलधारच्या देवळात अनवाणी जायचा, पायऱ्यांवर डोकं टेकायचा. म्या बी संग जायची." सुंदरबाई बाकावरून उठली. टेबलाजवळ आली आणि तिनं धनश्रीचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"त्यो देवाला हात जोडायचा, बाई. म्या तुज्या वडलांना जोडायची."