कोरा छाप

जुन्या स्कूटरची नोंदणी नव्याने करायला सकाळपासून आरटीओच्या रांगेत उभ्या चंद्रहासचा नुसता जळफळाट चालला होता. जादा सुविधा शुल्क भरणारे पुढे सटकत होते. त्यातला एक तर दहा मिनिटांत मोकळा झाला. त्याची पाठच तेवढी दिसली. शर्ट चंद्रहाससारखाच निळा.

दुपारी तीनला साहेबांनी स्कूटरच्या चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. कोरलेले आकडे बोटाला लागत होते, पण कागद कोराच राहिला.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "याचा छाप सकाळीच घेतलाय की. सही तुमचीच आहे."

हादरून त्याने बायकोला, मेघनाला फोन लावला. पलीकडे वारा, स्कूटरचा आवाज आणि तिचं खळखळून हसणं. त्याच्यासोबत ती असं कधीच हसली नव्हती.

"अहो, गाडी चालवताना फोन कसला करता? समोर बघा, आगाशी गाव आलं!"