जहाजावरचा धम्मरत्न

निवृत्त नर्स आशाबाई परदेशातली क्रूझची सहल करून मोताळ्याला परतल्या आणि शेजारच्या भिमाबाई फोटो पाहायला आल्या. मोबाइलवर बंदरं, समुद्र, पांढरंशुभ्र जहाज असं एकेक सरकत होतं. आपला सगळ्यात आवडता फोटो मात्र आशाबाईंनी घाईने पुढे ढकलला. त्यात भिमाबाईंचा मुलगा धम्मरत्न जहाजाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना खळखळून हसत होता. घरी त्याने आपण जहाजावर साहेब असल्याचं सांगितलं होतं. "मावशी, मायले सांगू नका," असं त्याने आशाबाईंना विनवलंही होतं. "थांबा, मांगचा फोटू दाखवा," भिमाबाई म्हणाल्या. फोटो परत आणावा लागला. भिमाबाईंनी ॲप्रन पाहिला, बटाट्यांचा ढीग पाहिला. "रोज वाटे, परक्या मुलखात पोरगं उपाशी तं झोपत नसन," भिमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सयपाकघरातच हाये ना? मंग पोटभर जेवत असन."